दूरदेशींचें लेकरूं

परक्या देशांतील एखाद्या दरिद्री बालकाच्या पालनासाठीं संस्थेमार्फत दरमहा कांहीं रक्कम पाठवावयाची आणि त्याच्या पत्राची वाट पाहावयाची, ही रीत आतां जगभर रूढ आहे. तिचा एक उगम स्पेनच्या यादवी युद्धांत सांपडतो. १९३७ सालीं जॉन लँग्डन-डेव्हिस या ब्रिटिश पत्रकारानें तेथील निराश्रित मुलांसाठीं संस्था काढली. तींत प्रत्येक देणगीदार एकेका मुलाचा मानलेला पालक होई. तीच आजची ‘प्लॅन इंटरनॅशनल’.

या साह्याचा उपयोग होतो काय? ‘कम्पॅशन’ नामक संस्थेच्या कार्याची सहा देशांत पाहणी होऊन २०१३ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. साह्य मिळालेलीं मुलें इतरांहून सुमारें एक ते दीड वर्ष अधिक शिकलेलीं आढळलीं. त्या सहांत आपला भारतही होता.

तेव्हां पैसा वायां जातो, असें आम्ही म्हणणार नाहीं. आम्हांस काळजी वाटते ती पत्राची. आठ वर्षांच्या मुलानें अनोळखी गृहस्थाचे पुनःपुन्हां आभार मानावे, हें ओझें लहान नव्हे. वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्याला आमटीभात गोड लागे, पण “आमच्यामुळें शिकतोस हो!” हा एक शब्द त्या घासांत खड्यासारखा लागे.

म्हणून देणाऱ्या वाचकांस आमची विनंति एवढीच: पत्र अवश्य लिहावें, त्यांत मुलाच्या शाळेची, भावंडांची, पाऊसपाण्याची चौकशी असावी. आणि उत्तर न आलें, तरी पुढील महिन्याची रक्कम वेळेवर जावी.