मुठीत मावणारी मॉन्टे कार्लो

गेल्या रविवारी सकाळी मी मॉन्टे कार्लो रॅली जिंकलेली गाडी उचलून बघितली. एका हाताने! आल्पीन ए-११०, अस्सल फ्रेंच निळा रंग, पुढे पिवळ्या काचांचे एक्स्ट्रा दिवे. लांबी जेमतेम नऊ सेंटिमीटर. “चाकांना धरू नको, बॉडीला धर,” समोरून ऑर्डर आली.

ऑर्डर सोडणारे म्हणजे आमच्या निगडी प्राधिकरणातले, मागच्या गल्लीतले काका. आयुष्यभर टूलरूममध्ये डाय बनवल्या आणि रिटायर झाले. त्यांच्याकडे ‘खेळण्यातल्या गाड्या’ आहेत, हे अख्ख्या गल्लीला माहीत. पण त्या १८६ आहेत आणि जवळपास सगळ्या जुन्या फ्रेंच रॅली कार्स आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. कळायचं कारण जरा वाईट होतं. काकांना त्या विकायच्या होत्या.

“तू पेपरात लिहितेस ना? मग प्रत्येक गाडीची चार ओळींत माहिती लिहून दे. फोटो काढ. पुढचं मी बघतो.”

काकूंचे गुडघे आता जिना चढू देत नाहीत. मुलगा वाकडला राहतो, लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये, टू बीएचके. दोघं तिकडे शिफ्ट होणार. तिथल्या भिंतींवर वॉर्डरोब, टीव्ही, नातीची कपाटं. हॉलभर पसरलेल्या काचेच्या शोकेसला जागा नाही. ह्यात कुणाची चूकही नाही.

माझा पहिला प्रश्न साहजिक होता. काका, फ्रेंचच का? आपण राहतो टाटा-बजाजच्या गावात. चाकणला जर्मन आहेत, महिंद्रा आहे. फ्रेंच गाडीचा इथे काय संबंध? (‘चिंचवडच्या प्रीमियर रिओत इंजिन कुणाचं होतं? प्यूजोच्या घराण्यातलं!’ हे उत्तर तयारच होतं. २००९ मध्ये आलेली ती छोटी एसयूव्ही आठवतेय का कुणाला?)

खरं कारण वेगळं होतं. १९८५ साली कंपनीने त्यांना ट्रेनिंगसाठी सहा आठवडे जर्मनीला पाठवलं. एका दुकानाच्या काचेत सोलिदो कंपनीची रेनॉ ५ टर्बो दिसली. “दहा मिनिटं पार्टिंग लाईन शोधत उभा होतो. सापडेना!” पार्टिंग लाईन म्हणजे डायचे दोन भाग जिथे मिळतात तिथे कास्टिंगवर उमटणारी बारीक रेघ. ज्याने ती रेघ दरवाज्याच्या कडेत लपवली, त्या अनोळखी फ्रेंच डायमेकरला काकांनी मनातल्या मनात सलाम ठोकला. मग जेवणाच्या भत्त्यातून गाडी घेतली आणि पुढचे दोन दिवस ब्रेड-जॅमवर काढले. १९८१ ची मॉन्टे कार्लो रॅली ज्याँ रान्योतीने हीच गाडी चालवून जिंकली होती, हे त्यांना खूप नंतर कळलं.

म्हणजे आधी डाय आवडली, मग गाडी, मग इतिहास.

आणि इतिहास भारीच आहे. ए-११० घ्या. दिएप गावातल्या ज्याँ रेदेले नावाच्या रेनॉ डीलरने सुरू केलेली कंपनी. फायबरग्लासची हलकी बॉडी, इंजिन मागे. १९७१ मध्ये हिने मॉन्टे कार्लो जिंकली. १९७३ मध्ये तर पहिले तिन्ही नंबर हिचेच. त्याच वर्षी सुरू झालेल्या वर्ल्ड रॅली चॅम्पियनशिपचं पहिलंवहिलं उत्पादकांचं विजेतेपदही आल्पीनला मिळालं.

पण काकांचा जीव अडकलाय तो घरगुती गाड्यांत. प्यूजो ४०४ ही चारचौघांसारखी फॅमिली कार. आफ्रिकेतली सफारी रॅली तिने चार वेळा मारली : १९६३, १९६६, १९६७ आणि १९६८. तिची धाकटी बहीण ५०४, तिने १९७५ आणि १९७८ ला. “ज्या गाडीतून भाजी आणायची, तिच्यातूनच चिखल तुडवायचा. हे आपल्याला कळतं,” इति काका. (प्यूजो २०५ टर्बो १६ ला मात्र हा नियम लागू नाही हं. बाहेरून साधी २०५, पण इंजिन सीटच्या मागे आणि ताकद चारही चाकांना. १९८५ आणि १९८६ ची उत्पादकांची चॅम्पियनशिप तिची. मॉडेलमध्ये मागचा अख्खा भाग झाकणासारखा उघडतो!)

मग काकांनी शोकेसच्या मधल्या कप्प्यातून एक गाडी काढली. सित्रोएन डीएस २१. लांब नाक, मागची चाकं अर्धी झाकलेली, छतावर जादा टायर. “ही मुंबईला येऊन गेलीय,” ते म्हणाले. मला वाटलं, मॉडेलबद्दल बोलतायत. ते खऱ्या गाडीबद्दल बोलत होते.

२४ नोव्हेंबर १९६८. लंडनहून सिडनीला जाणारी मॅरेथॉन रॅली सुटली, ९८ गाड्या. युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान, दिल्ली आणि मग थेट आपली मुंबई. मुंबईत टिकून राहिलेल्या गाड्या ‘चुसान’ नावाच्या जहाजावर चढल्या आणि ऑस्ट्रेलियाला निघाल्या. त्यात ही डीएस होती. ड्रायव्हर बेल्जियमचा ल्युसियाँ ब्यांकी आणि फ्रान्सचा ज्याँ-क्लोद ओजिए. आपल्या निगडीपासून सव्वाशेएक किलोमीटरवरच्या बंदरात ती उभी होती. तेव्हा प्राधिकरणाचा जन्मही झालेला नव्हता, ते आलं १९७२ मध्ये.

ऑस्ट्रेलियात ब्यांकी-ओजिए पहिल्या नंबरवर आले. अवघड टप्पे संपले. सिडनी दीडशेएक किलोमीटर उरलं. ओजिए गाडी चालवत होता. आणि समोरून एक मिनी येऊन धडकली. ब्यांकी गंभीर जखमी. मागून येणाऱ्या पॅडी हॉपकर्कने स्वतःची शर्यत बाजूला ठेवून मदतीसाठी धाव घेतली. रॅली जिंकली अँड्र्यू कोवनच्या हिलमन हंटरने. त्याच सप्टेंबरात ल मांची २४ तासांची शर्यत जिंकलेला ब्यांकी ह्यातून सावरला, पण मार्च १९६९ मध्ये ल मांलाच टेस्टिंग करताना गेला. फॉर्म्युला वनचे फॅन असाल, तर ज्यूल ब्यांकी हे नाव आठवत असेल. २०१४ च्या जपानमधल्या अपघातानंतर २०१५ मध्ये गेलेला तरुण ड्रायव्हर. ल्युसियाँ त्याच्या आजोबांचा भाऊ.

सव्वाअकरा सेंटिमीटरची गाडी अचानक जड वाटायला लागली मला.

असो. मंडळी, तुम्हालाही हा किडा चावला असेल, तर काकांच्या टूलरूममधून थेट काही टिप्स.

एक, स्केल ठरवा. १:४३ हे ह्या छंदाचं माहेर. इंग्लंडमधल्या ओ गेजच्या खेळण्यातल्या रेल्वेत एका फुटाला ७ मिलिमीटर धरायचे, त्यातून हा आकडा आला. १:१८ मस्त दिसतं, पण दहा गाड्यांत कपाट संपतं. आणि लक्षात ठेवा, १:४३ मध्ये मॉडेल १ मिलिमीटर चुकलं, तर खरी गाडी ४३ मिलिमीटर चुकली!

दोन, नावं ओळखा. सोलिदो १९३२ पासूनची. नोरेव्ह ही लिओंजवळची. मालकाचं आडनाव व्हेरॉन, ते उलटं वाचा. युरोपात मासिकाच्या अंकासोबत मिळणाऱ्या रॅली मॉडेल्सच्या मालिका निघाल्या. त्या सेकंडहँड स्वस्त पडतात, सुरुवातीला बेस्ट.

तीन, कस्टम्सचा हिशेब आधी करा. खेळण्यांवरची ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७०. त्यामुळे परदेशातून येणारा मित्र हा ह्या छंदातला सर्वांत मोलाचा माणूस.

चार, पावसाळा. जस्ताच्या मिश्रधातूत शिशाची भेसळ असेल, तर जुनं कास्टिंग आतून तडकत जातं आणि एक दिवस भुगा होतो. दमट, उबदार हवेत हे लवकर होतं. त्याला औषध नाही. फक्त कपाट कोरडं ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि युद्धापूर्वीची मॉडेल्स घेताना भिंग लावून भेगा बघा.

परत काकांकडे. माझी १८६ कार्डं लिहून झाली आणि खरा पेच समोर आला. मुंबईच्या एका संग्राहकाने चांगला भाव दिला, पण त्याला निवडक पंधराच हव्या होत्या. ती पंधरा गेली की उरलेल्यांना विचारणार कोण? काकांना संग्रह एकत्र जायला हवा होता. एकत्र घेणारा निम्मे पैसे देत होता. दोन रात्री काका झोपले नाहीत म्हणे. शेवटी काकूच बोलल्या. “तुम्ही एकेक करून आणल्यात, एकेक करून जाऊ देत. फक्त पिशवीत कोंबून पाठवू नका.” (आणि हो, प्रत्येक गाडीची खरी किंमत त्यांना पहिल्यापासून ठाऊक होती. बिलं काका पँटच्या खिशात विसरायचे.)

मग मुलाचा फोन आला. त्याने टीव्हीच्या वर एक फळी ठोकून घेतली होती. बारा गाड्या मावतील.

१८६ मधून बारा! मला वाटलं, काका सर्वांत महागड्या ठेवतील. त्यांनी ती पहिली रेनॉ ५ ठेवली. डीएस ठेवली. सफारीची ४०४ ठेवली. अकरा झाल्या आणि ते थांबले. बारावीसाठी हात तीनदा शोकेसपर्यंत गेला आणि परत आला. तेवढ्यात फोनवरून मुलगाच म्हणाला, “बाबा, ती तुटक्या ॲक्सलची ५०४ आणा. मी दुसरीत असताना जिन्यावरून सोडली होती ती.” त्या दिवशी पोराला मार बसला होता. काका काही बोलले नाहीत. गाडी टिश्यूत गुंडाळली, डब्यात ठेवली.

निळी आल्पीन मी घेतली. शेजारधर्म म्हणून थोडे कमी करा ना, असं म्हणून बघितलं. काकांनी चष्म्यावरून पाहिलं.

“अगं, फुकटात मिळालेली गाडी कुणी पुसत नाही. पूर्ण पैसे दे.”

दिले. महिनाभर डबा घरून नेतेय. आणि रोज सकाळी पुसतेय!