पडद्यासमोरचे मूल कोणाचे?

कॅनडातील मूलनिवासींचे जगणे शाळकरी मुलांना पडद्यावर दाखवण्याची सुरुवात मूलनिवासींनी केलेली नाही. १९६३ ते १९६५ या काळात आर्क्टिकमधील पेली बे, म्हणजे आजचे कुगारुक, या वस्तीच्या परिसरात मानववंशशास्त्रज्ञ आसेन बालिक्ची यांच्या देखरेखीखाली नेट्सिलिक इनुइटांवरील चित्रमालिका चित्रित झाली. लोकांनी आपल्या आधीच्या पिढीचे जगणे कॅमेऱ्यासाठी पुन्हा उभे केले. बर्फाचे घर बांधणे, सीलची शिकार, दगडी बांध घालून मासे अडवणे हे सारे त्यात आहे. निवेदन नाही, वाऱ्याचा, कुत्र्यांचा आणि माणसांच्या बोलण्याचा आवाज तेवढा ऐकू येतो. छायालेखन आजही थक्क करते. पुढे हेच चित्रपट अमेरिकेत दहा-अकरा वर्षांच्या मुलांसाठी तयार झालेल्या ‘मॅन : अ कोर्स ऑफ स्टडी’ या अभ्यासक्रमाचा कणा बनले. जेरोम ब्रूनर यांच्यासारखे मानसशास्त्रज्ञ त्यामागे होते. १९७५मध्ये या अभ्यासक्रमावरून अमेरिकी काँग्रेसमध्ये वादंग माजला. अमेरिकी मुलांना काय दाखवावे आणि काय दाखवू नये, यावर बरीच खडाजंगी झाली. पडद्यावर दिसणाऱ्या इनुइट मुलांचा प्रेक्षक म्हणून विचार मात्र त्या वादात नव्हता.

बालप्रेक्षकांसाठीच्या मूलनिवासी लघुपटांची पारख करताना हा इतिहास हाताशी असावा. चांगल्या हेतूने, मेहनतीने आणि उत्तम तंत्राने केलेला चित्रपटसुद्धा समोर कोणते मूल बसले आहे यावरून बदलतो. कथा कोणाची, याची चौकशी आता बहुतेक आयोजक करतात. चित्रपट प्रथम कोणत्या मुलांसाठी केला, हे फारसे कोणी विचारत नाही. भाषा, लांबी, भीतीची मात्रा, काय समजावून सांगायचे आणि काय गृहीत धरायचे, हे सारे त्यावरच ठरते.

कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डात १९६८मध्ये मूलनिवासी तरुणांचे चित्रपथक उभे राहिले. त्याच वर्षी विली डन यांचा ‘द बॅलड ऑफ क्रोफुट’ आला. जुनी छायाचित्रे आणि स्वतःचे गाणे एवढ्याच साहित्यावर त्यांनी दहा मिनिटांचा लघुपट उभा केला. मुलांच्या दृष्टीने मात्र खरे वळण १९७१चे आहे. आबेनाकी गायिका अलानिस ओबोमसाविन शाळाशाळांतून गाणी आणि गोष्टी सांगत फिरत असत. बोर्डाने त्यांना सल्लागार म्हणून बोलावले आणि त्यांनी पहिला लघुपट केला, ‘ख्रिसमस ॲट मूस फॅक्टरी’. जेम्स उपसागराजवळच्या या जुन्या वस्तीतील निवासी शाळेत क्री मुलांनी खडूने काढलेली चित्रे, आणि त्याच मुलांच्या आवाजातील वर्णन. तेरा मिनिटांच्या लघुपटात दुसरे काही नाही.

या लघुपटाची रचना नीट अभ्यासण्यासारखी आहे. कॅमेरा चित्रावरून सरकतो, एखाद्या कोपऱ्यावर थांबतो, पुन्हा मागे येतो; हालचाल एवढीच. मूल आपल्या चित्राविषयी ज्या क्रमाने बोलते त्या क्रमाने संकलन चालते. मोठ्यांचा समजावणीचा सूर नाही, कणव नाही, पार्श्वभूमी सांगणारा निवेदक नाही. हे मुलांना घरापासून तोडणाऱ्या व्यवस्थेच्या छताखाली घडत आहे, हे जाणत्या प्रेक्षकाला ठाऊक असते. लघुपट ते बोलून दाखवत नाही. सात-आठ वर्षांच्या प्रेक्षकाला समोर दिसतात ती आपल्याच हातच्यासारखी चित्रे आणि ऐकू येतो आपल्याच वयाचा आवाज. अल्प खर्चात काम करणाऱ्यांना यातून तंत्राचा धडा मिळतोच. त्याहून मोलाचे हे की विषय झालेली मुले इथे लेखक आहेत आणि पहिले प्रेक्षकही. याच वाटेने ओबोमसाविन यांनी मानावान आणि लिलवाट या समाजांविषयी वर्गात वापरण्याचे शैक्षणिक संच त्या त्या समाजांबरोबर तयार केले. त्यांच्या पुढच्या गाजलेल्या माहितीपटांच्या झोतात हे काम झाकोळले गेले, हे बालचित्रपटाच्या क्षेत्राचे नुकसानच.

इनुइट कथांचे ॲनिमेशन याच सुमारास सुरू झाले, पण त्याच्या दोन वाटा होत्या. को होडेमान या नेदरलंड्समध्ये जन्मलेल्या कलावंताने सीलच्या कातड्याच्या बाहुल्या वापरून ‘द आउल अँड द लेमिंग’सारखे देखणे लघुपट केले. तिकडे केप डॉर्सेट येथे बोर्डाच्या कार्यशाळेत इनुइट कलावंत स्वतः ॲनिमेशन शिकत होते. त्यांचे प्रयोग १९७३मध्ये ‘ॲनिमेशन फ्रॉम केप डॉर्सेट’मध्ये एकत्र आले. पहिल्या वाटेवरचे काम अधिक सफाईदार आहे. दुसऱ्या वाटेवरचे ओबडधोबड आहे, आणि पुढचा रस्ता त्यातूनच निघाला.

तो रस्ता २०१०च्या नुनावुत ॲनिमेशन लॅबपर्यंत येतो. तेथील आमे पापात्सी यांचा ‘कालुपालिक’ बालप्रेक्षकांच्या प्रत्येक आयोजकाने पाहावा. कालुपालिक ही समुद्रातील सत्ता; मोठ्यांचे न ऐकता किनाऱ्यावर एकटी भटकणारी मुले ती उचलून नेते. लघुपटातील मुलगा कामाला हातभार लावत नाही, किनाऱ्यावर खेळत राहतो आणि पकडला जातो; मग शिकारी बापाला त्याला परत आणण्यासाठी कसब पणाला लावावे लागते. शहरी बालचित्रपटाच्या निकषांनी ही गोष्ट ‘फार भीतिदायक’ ठरेल. पण किनाऱ्यावरचा बर्फ कधी तुटेल याचा नेम नसलेल्या प्रदेशात ही भीती मुलाला जिवंत ठेवते. ती कथेतून काढली तर उरते ते एक गोंडस समुद्री भूत. याच उपक्रमातील अलेथिया आर्नाकुक-बारिल यांचा ‘लुमायूक’ आणखी कठोर आहे. आई मुलाचा छळ करते. लून पक्षी त्याला गेलेली दृष्टी परत देतो. मग तो सूड घेतो आणि आई बुडते. हा लघुपट सहा वर्षांच्या मुलांना दाखवायचा नाही, आणि मोठ्या मुलांना दाखवला की सूड योग्य होता का, यावर चर्चेला वेळ ठेवायचा.

भाषेचा प्रश्न याहून अवघड आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलाला उपशीर्षके वाचता येत नाहीत, आणि वाचता येणारे मूल वाचण्यात गुंतले की चित्र हरवते. पूर्ण डबिंग केले तर ज्या बोलीसाठी चित्रपट केला तीच नाहीशी होते. हैदा दिग्दर्शक क्रिस्टोफर ऑक्टर यांनी ‘द माउंटन ऑफ स्गाना’मध्ये (२०१७) या पेचातून एक वाट काढली. हैदा वेशातील एक इवलीशी उंदरीण घोंगडी विणत जाते आणि तिच्यावर गोष्ट उलगडते : एका शिकाऱ्याला किलर व्हेल समुद्रतळी ओढून नेतो आणि त्याची प्रियतमा त्याला सोडवायला निघते. दहा मिनिटांची ही कथा चित्रांच्या ओघावर चालते. हैदा चित्रशैलीतील जाड वळणदार रेषा आणि एका आकारातून दुसरा आकार उमलण्याची रीत इथे सजावट नाही. कथा तिच्यावरच पुढे सरकते. मात्र सगळ्याच कथा शब्दांवाचून सांगता येत नाहीत. तिथे मूळ आवाज ऐकू येत ठेवून सूत्रधाराने वर्गात अधूनमधून दोन वाक्ये बोलणे, हा उपाय साधा आहे आणि मोठ्या महोत्सवांतही तो पुरेसा वापरला जात नाही.

निवासी शाळांचा विषय टाळता येत नाही. सुमारे दीड लाख मुले या शाळांतून गेली. कॅनडाच्या सत्य आणि सलोखा आयोगाने २०१५मध्ये मांडलेल्या ९४ आवाहनांपैकी ६२वे आवाहन हा इतिहास मुलांना वयानुरूप, सक्तीने शिकवावा असे सांगते. मागणी त्यामुळे वाढली आणि घाईने केलेले, रडवणारे लघुपटही वाढले. लिसा जॅक्सन यांचा सहा मिनिटांचा ‘सॅव्हेज’ (२००९) घरी क्री भाषेत अंगाई गाणारी स्त्री आणि गाडीतून शाळेत नेली जाणारी मुलगी समोरासमोर ठेवतो. वर्गात मुले अचानक झाँबींसारखी नाचू लागतात. किशोरवयीन प्रेक्षकाला त्याची धार कळते. लहानांसाठी जनीन विंडॉल्फ यांचा ‘स्टोरीज आर इन अवर बोन्स’ (२०१९) बरा. दिग्दर्शिका आपल्या मुलांना आजीबरोबर मासेमारीला नेते. आजी निवासी शाळेतून तगून आलेली आहे, पण चित्रपट तिच्या जखमेपेक्षा तिला पाण्याची आणि जमिनीची किती जाण आहे याकडे अधिक वेळ पाहतो.

पैशांची बाजू थोडक्यात. नॅशनल फिल्म बोर्डाने २०१७मध्ये निर्मिती-खर्चाचा १५ टक्के भाग मूलनिवासी दिग्दर्शकांच्या कामासाठी राखण्याचे जाहीर केले. वापिकोनी मोबाइल ही संस्था २००४पासून फिरता स्टुडिओ वस्त्यांवर नेते आणि तरुणांकडून छोटे लघुपट करवून घेते. छापील टक्क्यांपेक्षा ही गाडी अधिक नवे दिग्दर्शक घडवते, असे मानायला जागा आहे.

मराठी आयोजकांचा या साऱ्याशी संबंध आश्रमशाळांमुळे येतो. घरी गोंडी, कोरकू, पावरी किंवा वारली बोलणाऱ्या मुलांसमोर तेथे चित्रपट दाखवला जातो तो बहुधा मराठीत किंवा हिंदीत. कॅनडातील लघुपट आणून त्यावर मराठी निवेदन चढवले की तो अशा मुलांसाठी दुप्पट परका होतो. मूस फॅक्टरीची पद्धत मात्र इथे सहज उतरते : कागद, खडू, ध्वनिमुद्रणाची सोय असलेला फोन, आणि मुलांची स्वतःच्या भाषेतील वर्णने. निवेदन कोणत्या भाषेत ठेवायचे, हे मग मुलांच्या घरच्यांना विचारून ठरवावे.

परवानगीचे नियम आता लिखित आहेत. ऑस्ट्रेलियात २००९मध्ये स्क्रीन ऑस्ट्रेलियासाठी टेरी जँकी यांनी मार्गदर्शिका लिहिली. टोरांटोच्या इमॅजिननेटिव्ह संस्थेने २०१९मध्ये कॅनडासाठी प्रसिद्ध केली. ज्येष्ठांची संमती आणि सामूहिक मालकी हे त्यांचे गाभ्याचे विषय. कार्यक्रम ठरवणाऱ्यांनी त्यांच्या जोडीला कथांच्या ऋतूचीही चौकशी करावी. अनिशिनाबेंसह अनेक समाजांत काही कथा फक्त हिवाळ्यात, जमिनीवर बर्फ असतानाच सांगायच्या असतात. लघुपट एकदा उपलब्ध झाला की तो बाराही महिने दाखवता येतो, आणि उन्हाळी सुट्टीतील शिबिरांत नेमका तोच निवडला जातो. म्हणून लघुपटाच्या नोंदीत दिग्दर्शक, लांबी आणि वयोगट यांच्यासोबत समाजाचे नाव, मूळ भाषा, संमती देणारे आणि कथेचा ऋतू यांनाही जागा हवी. ही माहिती दिग्दर्शकाला विचारली तर बहुतेक वेळा एका पत्रात मिळते.