जे वाटले गेले तेच उरले

इतिहास म्हणजे कागदपत्रे, ही समजूत आता टिकणारी नाही. विसाव्या शतकातील सामान्य माणसाने जेवढे वाचले त्याहून कितीतरी अधिक ऐकले. ऑस्ट्रेलियासारख्या विस्तीर्ण आणि विरळ वस्तीच्या देशात तर शेकडो मैलांच्या अंतरावर राहणाऱ्या शेतकऱ्याला आणि मेंढपाळाला नभोवाणी हाच खरा शेजारी होता. २३ नोव्हेंबर १९२३ रोजी सिडनीत ‘टू एसबी’ हे केंद्र सुरू झाले आणि त्या देशात नियमित प्रसारणाचा आरंभ झाला. २०२३ मध्ये या घटनेला शंभर वर्षे पूर्ण झाली. या शंभर वर्षांत ध्वनिक्षेपकासमोर जे बोलले गेले त्यातले किती शिल्लक आहे, ते कोणी जपले आणि त्यावर मालकी कोणाची, हे प्रश्न वरवर पाहता छंदिष्टांचे वाटतात. वस्तुतः ते लोकशाहीच्या स्मरणशक्तीचे प्रश्न आहेत.

ऑस्ट्रेलियातील अनेक घरांत आजही जुन्या फितींची खोकी आढळतात. कोणी कारखान्यातून परतल्यावर आवडता कार्यक्रम फितीवर उतरवून घेतला, कोणी शहरातील केंद्रांच्या जाहिराती, घोषणा आणि गाण्यांचे क्रम जमवले, कोणी आपल्या भाषेतील आठवड्याचा एकुलता एक तास जपून ठेवला. असे संग्राहक एकमेकांना प्रती देतात, फिती संगणकावर उतरवतात आणि हरवलेल्या तारखा शोधून काढतात. या कामाचे त्यांना वेतन मिळत नाही आणि मानही क्वचितच मिळतो. कायद्याच्या दृष्टीने तर त्यांच्यापैकी अनेक जण अपराधीच ठरतात. कारण तेथील कायद्याने प्रसारण सोयीच्या वेळी ऐकण्यासाठी घरगुती वापरापुरते मुद्रित करण्यास मुभा दिली असली, तरी ती प्रत इतरांत वाटण्यास दिलेली नाही.

हा विरोधाभास समजून घ्यायचा तर या माध्यमाचा जन्म पाहिला पाहिजे. १९२३ मध्ये सरकारने जी पहिली योजना मान्य केली तीत श्रोत्याचा संच एकाच केंद्राच्या लहरीवर जखडून मोहोरबंद केला जाई. ज्या केंद्राला वर्गणी दिली तेवढेच ऐकायचे, दुसरे ऐकण्याची सोय नाही. हवेतून येणाऱ्या ध्वनीलाही कुंपण घालण्याचा तो प्रयत्न होता. लोकांनी त्याकडे पाठ फिरवली आणि १९२४ मध्येच ती योजना गुंडाळावी लागली. पुढे परवाना शुल्कावर चालणारी ‘अ’ वर्गाची आणि जाहिरातींवर चालणारी ‘ब’ वर्गाची केंद्रे अशी विभागणी झाली. १ जुलै १९३२ रोजी ‘ऑस्ट्रेलियन ब्रॉडकास्टिंग कमिशन’ अर्थात एबीसी ही सार्वजनिक संस्था स्थापन झाली. १९७४ मध्ये व्हिटलम यांच्या मजूर पक्षाच्या सरकारने परवाना शुल्क रद्द करीपर्यंत नभोवाणीसंच बाळगणाऱ्या घरांनी ते भरले. त्यानंतर तोच भार करांतून उचलला गेला. सार्वजनिक नभोवाणीचा प्रत्येक शब्द जनतेच्या पैशाने बोलला गेला आहे. ज्याची किंमत जनतेने आधीच मोजली आहे, ते पुन्हा ऐकण्यासाठी तिने कोणाची परवानगी मागायची?

कामगार चळवळीने या माध्यमाचे मोल फार लवकर ओळखले होते. न्यू साउथ वेल्समधील कामगार संघटनांच्या मंडळाने १९२५ मध्ये सिडनीत ‘टू केवाय’ हे स्वतःचे केंद्र उभारले. त्यामागची प्रेरणा होती एमिल व्हॉइग्ट यांची. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पाच मैलांची शर्यत जिंकणारा हा धावपटू नंतर ऑस्ट्रेलियात कामगारांच्या प्रसारणाचा शिल्पकार झाला. वृत्तपत्रे भांडवलदारांच्या हाती असताना श्रमिकांचा आवाज थेट घराघरांत पोचवण्याचे ते साधन होते. २००१ मध्ये हे केंद्र पैजांचा व्यवसाय करणाऱ्या ‘टॅब’ या कंपनीला विकले गेले आणि त्याच्या लहरींवर घोड्यांच्या शर्यतींचे राज्य आले. केंद्राची विक्री होते तेव्हा परवाना आणि मनोरा यांचे मोल ठरते. कपाटातील फितींचे मोल ठरवण्याची गरज सौदा करणाऱ्यांना क्वचितच वाटते.

ज्यांचे आवाज जपले गेले ते कोणाचे होते, हेही पाहण्यासारखे आहे. ३ सप्टेंबर १९३९ रोजी पंतप्रधान मेंझिस यांनी युद्ध सुरू झाल्याची जी घोषणा केली, ती आजही ऐकता येते. एबीसीच्या फिरत्या पथकाबरोबर गेलेल्या चेस्टर विल्मट यांनी १९४१ मध्ये तोब्रुकहून केलेली वार्तांकने राष्ट्रीय ठेवा म्हणून सांभाळली गेली. हे योग्यच झाले. परंतु रोजच्या जगण्याशी जोडलेल्या कार्यक्रमांचे तसे झाले नाही. ग्वेन मेरेडिथ यांची ‘ब्लू हिल्स’ ही मालिका १९४९ पासून १९७६ पर्यंत चालली. तिचे ५,७९५ भाग झाले. ग्रामीण ऑस्ट्रेलियाच्या एका संपूर्ण पिढीचे दुपारचे जेवण तिच्या सोबतीने झाले. तरीही तिचे सगळे भाग आज ध्वनिरूपात उरलेले नाहीत. फीत महाग असल्यामुळे एक कार्यक्रम पुसून तीवर दुसरा मुद्रित करण्याची रीत जगभरच्या प्रसारण संस्थांत रूढ होती. काय पुसायचे हे ठरवताना पंतप्रधानाचे भाषण आणि गृहिणीची कथा यांना एकच तराजू लावला गेला नाही.

संहिता उरली तरी ध्वनीची जागा ती घेऊ शकत नाही. १९३८ मध्ये ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडमध्ये खेळत असताना एबीसीच्या सिडनीतील कक्षात समालोचक तारांवरून सामन्याचे वर्णन रचत. चेंडू बॅटवर आदळल्याचा आवाज लाकडावर पेन्सिल आपटून काढला जाई आणि प्रेक्षकांचा जल्लोष तबकडीवरून येई. तारांचे कागद वाचून धावसंख्या कळेल, पण रात्रभर जागणाऱ्या देशाला त्या पेन्सिलीने कसे भारून टाकले, ते कागद सांगणार नाहीत.

आता दुसरे उदाहरण पाहावे. ‘डॅड अँड डेव्ह फ्रॉम स्नेक गली’ ही व्यापारी मालिका १९३७ ते १९५३ या काळात चालली. ती मोठ्या तबकड्यांवर मुद्रित करून देशभरच्या केंद्रांना पुरवली जाई. एकाच भागाच्या अनेक प्रती अनेक गावी गेल्यामुळे एक फुटली तरी दुसरी राहण्याचा संभव होता. त्या तबकड्या काढणाऱ्यांचा हेतू नफ्याचा होता, जतनाचा नव्हता. तरीही अनेक प्रतींनीच जतनाचे काम केले. यातून निघणारा धडा साधा आहे. एकाच तिजोरीतील एकमेव प्रत एका गळक्या छपराने किंवा एका काटकसरी अधिकाऱ्याने नष्ट होऊ शकते. जे वाटले गेले ते उरले.

लघुलहरींवरील प्रसारणाबाबतही हाच अनुभव आहे. १९३९ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेली आणि पुढे ‘रेडिओ ऑस्ट्रेलिया’ म्हणून प्रसिद्ध झालेली सेवा भारतातही मन लावून ऐकली जाई. भारतीय क्रिकेट संघ ऑस्ट्रेलियात खेळत असे तेव्हा हिवाळ्याच्या पहाटे खरखरीतून समालोचन शोधणारे श्रोते मुंबई-पुण्यातही होते. कूकाबुरा पक्ष्याचा तो हसरा आवाज पुष्कळांना आजही आठवत असेल. ३१ जानेवारी २०१७ रोजी एबीसीने ही लघुलहरी सेवा बंद केली. प्रशांत महासागरातील बेटांवरील लोकांचा विरोध वाया गेला. त्या सेवेच्या ज्या आठवणी ध्वनिरूपात फिरत आहेत, त्यांतील पुष्कळशा देशोदेशीच्या श्रोत्यांनी स्वतःच्या यंत्रांवर मुद्रित केलेल्या आहेत.

ज्यांना बोलूच दिले जात नव्हते, त्यांची कथा याहून गंभीर आहे. १७ एप्रिल १९६७ पर्यंत ऑस्ट्रेलियात दूरध्वनीवरील संभाषण प्रसारित करण्यास बंदी होती. ती उठल्यावरच सामान्य श्रोता श्रवणयंत्राच्या दुसऱ्या बाजूला आला. स्थलांतरितांसाठी ‘टू ईए’ आणि ‘थ्री ईए’ ही केंद्रे १९७५ मध्ये निघाली. नव्या आरोग्य विमा योजनेची माहिती त्यांच्या भाषांत पोचवणे हे त्यांचे पहिले काम होते. त्याच वर्षी मेलबर्नमध्ये एबीसीने ‘थ्री झेडझेड’ हे लोकांना प्रवेश देणारे केंद्र उघडले. तेथे ग्रीक, इटालियन, तुर्की कामगार स्वतःच आपले कार्यक्रम तयार करीत. १९७७ मध्ये फ्रेझर सरकारने ते बंद केले. मध्य ऑस्ट्रेलियातील मूलनिवासींनी १९८० मध्ये अ‍ॅलिस स्प्रिंग्ज येथे स्वतःची माध्यमसंस्था स्थापन केली. आपली गाणी आणि कार्यक्रम कॅसेटवर उतरवून ती दूरच्या वस्त्यांत पोचवीत असे. १९८८ मध्ये गोऱ्यांच्या आगमनाची द्विशताब्दी सरकारी थाटात साजरी होत असताना ‘रेडिओ रेडफर्न’ने निषेध करणाऱ्या मूलनिवासींचा आवाज सिडनीत घुमवला. अशा केंद्रांकडे ना तळघरे होती ना ग्रंथपाल. तेथील बोलणे टिकले असेल तर ते बहुधा कोणाच्या तरी घरच्या कॅसेटवरच.

आज यंत्रे स्वस्त झाली आहेत. सगळे काही आपोआप मुद्रित होते, तेव्हा काळजीचे कारण काय, असे कोणी विचारील. १९९२ च्या प्रसारण कायद्यानुसार व्यापारी केंद्राने राजकीय आणि चालू घडामोडींविषयीच्या प्रसारणाचे मुद्रण सहा आठवडे ठेवायचे असते. तक्रार आल्यास साठ दिवस. त्यानंतर ते पुसण्यास केंद्र मोकळे असते. म्हणजे एका निवडणुकीत कोण काय बोलले, हे पुढच्या निवडणुकीत पडताळण्याची कोणतीही हमी कायदा देत नाही. १९९९ मध्ये सिडनीच्या ‘टू यूई’ केंद्रावरील जॉन लॉज आणि अ‍ॅलन जोन्स हे लोकप्रिय निवेदक बड्या कंपन्यांकडून पैसे घेऊन त्यांना अनुकूल मते मांडत असल्याचे उघडकीस आले आणि मोठी चौकशी झाली. डिसेंबर २००५ मधील क्रोनुलाच्या वांशिक दंगलीपूर्वी ‘टू जीबी’वर जे बोलले गेले, त्याबद्दल त्या केंद्राने प्रसारणसंहितेचा भंग केल्याचा निर्णय नियामक संस्थेने २००७ मध्ये दिला. या दोन्ही प्रकरणांत मुद्रित ध्वनी हाच साक्षीदार होता. धनवंताचा आणि द्वेष पसरवणाऱ्याचा शब्द हवेत विरून जावा, यातच त्यांचे हित असते. तो पकडून ठेवणारा संग्राहक म्हणूनच नागरिकाचे कर्तव्य बजावीत असतो.

सरकारी जतनव्यवस्था मुळीच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९८४ मध्ये स्वतंत्र झालेल्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने मोलाचे काम केले आहे. त्यानेच २०१५ मध्ये इशारा दिला की चुंबकीय फितींवरील जे २०२५ पर्यंत संगणकीय रूपात आणले जाणार नाही, त्यातील बहुतेक कायमचे जाईल. कारण फिती झिजत आहेत, त्या वाजवणारी यंत्रे नाहीशी होत आहेत आणि ती दुरुस्त करणारे तंत्रज्ञ निवृत्त होत आहेत. ते वर्ष उजाडले, काम मात्र संपलेले नाही. दरम्यान २०२२ मध्ये एबीसीच्या व्यवस्थापनाने ग्रंथपाल आणि दप्तरपाल यांच्या ५८ जागा रद्द करण्याचा प्रस्ताव मांडला. यंत्रावर उतरवलेला ध्वनी शोधून, ओळखून, तारीखवार लावणारा माणूस काढून टाकला, तर उरलेला साठा हा संग्रह राहत नाही, ती अडगळ होते.

संग्राहकांच्या विरोधात एक गंभीर युक्तिवाद केला जातो. नट, गायक, वादक, लेखक हेही श्रमिकच आहेत. त्यांच्या श्रमाचे फळ फुकट वाटणे हे शोषण नव्हे काय? या प्रश्नाला बगल देता येणार नाही. परंतु अमेरिकेशी झालेल्या व्यापार करारामुळे २००५ पासून ध्वनिमुद्रणांच्या हक्काची मुदत पन्नास वर्षांवरून सत्तर वर्षांवर नेली गेली, ती वृद्ध कलावंतांच्या कळवळ्याने नव्हे. हक्क बहुतांशी कंपन्यांकडे असतात आणि ज्या मुद्रणातून त्यांना छदामही मिळणार नाही, तेही त्या कुलपात ठेवतात. कलावंताला त्याचा वाटा सामूहिक निधीतून देता येईल. विक्री करणारा आणि निःशुल्क देणारा यांत फरक करता येईल. मालकाचे मौन म्हणजे नकार, हे गृहीतकच मुळात बदलले पाहिजे.

संग्राहकांवरही काही जबाबदाऱ्या आहेत. दुर्मिळ फीत दडवून तिचा तोरा मिरवणारा संग्राहक कंपनीपेक्षा वेगळा ठरत नाही. केंद्र, दिवस आणि वेळ यांची नोंद नसलेले मुद्रण अर्धे मुके असते. मूळ फीत फेकून देऊन केवळ तिच्या संगणकीय प्रतीवर विसंबणे धोक्याचे आहे. आणि काही आवाज खुले करण्याचा अधिकार संग्राहकाचाही नसतो. अनेक मूलनिवासी समाजांत मृत व्यक्तीचे नाव आणि आवाज ऐकवण्यावर पवित्र निर्बंध असतात; तेथे अंतिम शब्द त्या समाजाचाच असला पाहिजे. मध्यरात्री आपले दुःख सांगणाऱ्या अनाम श्रोत्याचीही प्रतिष्ठा सांभाळली गेली पाहिजे.

हे सारे ध्यानात घेता मागण्या स्पष्ट होतात. छापील पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात जमा करण्याचे बंधन ऑस्ट्रेलियात प्रकाशकावर आहे. सार्वजनिक लहरी वापरून नफा कमावणाऱ्या नभोवाणी केंद्रांवरही तसेच बंधन आले पाहिजे. सहा आठवड्यांची मुदत संपली की मुद्रण पुसले न जाता सार्वजनिक संग्रहालयाकडे गेले पाहिजे. नफ्याविना जपणाऱ्या आणि वाटणाऱ्या नागरिकाला कायद्याने अभय दिले पाहिजे. घरोघरी पडलेल्या फिती स्वीकारणारी, त्यांच्या प्रती संग्राहकाला परत देणारी व्यवस्था गावोगावच्या ग्रंथालयांतून उभी राहिली पाहिजे. आणि दप्तरपालांच्या जागा हा खर्चाचा नव्हे, तर नागरिकांच्या हक्काचा विषय मानला गेला पाहिजे.

१९२४ मध्ये श्रोत्यांनी मोहोरबंद संच नाकारले आणि सरकारला नमते घ्यावे लागले. मोहोर आता संचावर नाही, ती स्मृतीवर आहे. ती तोडण्याचे काम आज काही वृद्ध संग्राहक एकेकटे करीत आहेत. त्यांच्यामागे फितींची खोकी अनाथ होण्यापूर्वी समाजाने ते काम आपले मानले पाहिजे.