ईर्यासमिती आणि सुट्टीचा एक दिवस



आपल्या मुलांना अहिंसा प्रथम भेटते ती स्वयंपाकघरात. कंदमुळे वर्ज्य, पाणी गाळून प्यावे, सूर्यास्तापूर्वी जेवावे, हे ती लहानपणीच शिकतात. परंतु ज्या जीवांच्या रक्षणासाठी हे नियम आहेत, ते जीव त्यांच्या दृष्टीस क्वचितच पडतात. शाळा, शिकवणी, दुकान आणि सुट्टीच्या दिवशी बाजार, एवढ्यातच बालपण सरते. जीवांची ओळखच नसेल, तर जीवदया रुजावी कशी?

व्यापारानिमित्त जपानमधील कोबे शहरी स्थायिक झालेल्या जैन बांधवांनी १९८५ मध्ये तेथे जिनमंदिर उभारले. त्या वस्तीच्या पाठीशीच रोक्को पर्वताची रांग आहे. तिचे सर्वोच्च शिखर ९३१ मीटर उंच. रोज सकाळी डोंगर चढून मग कामाला लागण्याची प्रथा त्या शहरात शंभराहून अधिक वर्षे चालत आली आहे. एके काळी वृक्षतोडीने हेच डोंगर उघडेबोडके झाले होते. १९०२ पासून तेथे झाडे लावली गेली, तेव्हा आजचे रान उभे राहिले.

आपल्याला मात्र रान निर्माण करावे लागत नाही. मोहाडी तालुक्यातील करडी परिसराला लागूनच कोका अभयारण्य आहे. २०१३ मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य आज नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. साग, ऐन, मोह, तेंदू आणि बांबू यांच्या या वनात चितळ, गवा, अस्वल, बिबट यांचा वावर आहे. तेथे परवानगी घेऊन, वाहनातूनच फिरावे. पायी चालण्याची हौस असेल, तर तुमसरजवळचा आंबागड आहे. देवगडच्या बख्त बुलंदच्या काळात, सुमारे १७०० मध्ये, तो बांधला गेला. रामटेकला गेल्यास डोंगर चढणे आणि भगवान शांतिनाथांच्या भव्य मूर्तीचे दर्शन, दोन्ही एका दिवसात साधते.

सहलीचा काळही आपल्या परंपरेने सुचविलेला आहे. पावसाळ्यात भूमी सूक्ष्म जीवांनी भरून जाते, म्हणून साधुसाध्वी चातुर्मासात विहार थांबवतात. वनविभागही त्याच दिवसांत अभयारण्ये पर्यटकांसाठी बंद ठेवतो. चातुर्मास संपला, की आपणही निघावे. मात्र पौषात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. म्हणून पहाटे निघावे, आणि दिवस असतानाच जेवण आटोपेल असा बेत आखावा. सोबत खाखरे, दशम्या आणि घरचे गाळलेले पाणी घ्यावे. रिकाम्या पिशव्या परत घरी आणाव्यात.

वाटेत मुलांना जांभळीच्या झाडाची कथा सांगावी. सहा भुकेले वाटसरू जांभळीखाली आले. एक म्हणाला, झाड मुळासकट पाडू. दुसरा म्हणाला, खोड तोडू. मग फांदी, मग घोस, मग केवळ पिकलेली फळे. सहावा म्हणाला, खाली पडलेली वेचू. भूक सर्वांची सारखीच, लेश्या मात्र भिन्न. अभयारण्याचा नियम तर याही पुढचा आहे: तेथून पडलेले पीसही उचलून न्यायचे नाही. श्रावकाला हा नियम परका वाटू नये. न दिलेले न घेणे हे आपले अचौर्य अणुव्रतच होय. उगाच पान तोडणे, दगड भिरकावणे, मोठ्याने गाणी लावणे, हा सारा अनर्थदंड. तो टाळण्याचा अभ्यास रानाइतका अन्यत्र होत नाही.

मुनी चार हात पुढची भूमी पाहत चालतात, तीच ईर्यासमिती. गृहस्थाला ती दररोज पाळता येत नाही. गल्ल्यावर बसणाऱ्याची नजर हिशेबात गुंतलेली असते. परंतु महिन्यातून एकदा, दुकानाच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, सहकुटुंब दोन तास तरी तसे चालून पाहावे. मुंग्यांची रांग दिसताच मूल न सांगता थबकले, तर त्या दिवसाची कमाई कोणत्याही वहीत मावणार नाही.