तीन शिकवणी, नऊ प्रवाह

चिनी भाषेत 'सान च्याओ च्यू ल्यू' असा एक वाक्प्रचार आहे. त्याचा शब्दशः अर्थ 'तीन शिकवणी, नऊ प्रवाह'. आज मात्र तो बहुधा नाक मुरडून उच्चारला जातो. नाना धंद्यांची, सटरफटर माणसे असा त्याचा रोख असतो. विचारपंथांच्या नामावळीचा असा उपहास का व्हावा?

कन्फ्यूशियसमत, ताओमत आणि बौद्धमत या तीन शिकवणी होत. उत्तर चौ घराण्याच्या वू सम्राटाने त्यांचा याच क्रमाने दर्जा ठरविला आणि इ. स. ५७४ मध्ये ताओमत व बौद्धमत यांवर बंदी घातली. नऊ प्रवाहांची यादी पहिल्या शतकातील इतिहासकार बान गू याची. त्याने पंथ दहा नोंदविले, परंतु दखलपात्र नऊच मानले. वगळला तो गल्लीबोळांतील कथा सांगणाऱ्यांचा पंथ. त्याचेच 'श्याओश्वो' हे नाव आज चिनी भाषेत कादंबरीला लाभले आहे!

त्या नवांत कृषिवाद्यांचाही पंथ होता. राजानेही प्रजेबरोबर शेतात राबावे, असे शू शिंग सांगे. बुद्धीने राबणाऱ्याने राज्य करावे आणि अंगबळाने राबणाऱ्याने त्याला पोसावे, असे मेन्शियसचे त्यावर उत्तर होते. मेन्शियसचा ग्रंथ पुढे राजकीय परीक्षांचा पाठ्यग्रंथ झाला. शू शिंगचे म्हणणे उरले ते प्रतिपक्षाच्या त्याच ग्रंथात.

श्रमाला असे खालचे स्थान मिळाल्यावर लोकभाषेतही उतरंड रचली गेली. वरचे नऊ, मधले नऊ आणि खालचे नऊ असे धंद्यांचे थर पडले. नटाची गणना खालच्यांत झाली. छिंग राजवटीत तर नटांना राजकीय परीक्षेला बसण्याचीही मनाई होती.

१९४९ च्या क्रांतीनंतर ही सवय सुटावयास हवी होती. परंतु सांस्कृतिक क्रांतीच्या काळात (१९६६-७६) वर्गशत्रूंची नवी यादी निघाली आणि बुद्धिजीवींना 'दुर्गंधी नववे' म्हणून हिणविण्यात आले. वरचा खाली गेला. प्रतवारी तशीच राहिली.

उतरंड उलटी केल्याने ती मोडत नाही. माणसाचा धंदा व जन्म पाहून त्याची पायरी ठरविणारी भाषा सम्राटाच्या तोंडी असो वा क्रांतिकारकाच्या, ती समतेच्या मुळावरच येते. समाजवादी कार्यकर्त्याने आपली जीभ प्रथम तपासावी ती यासाठीच.