बोंबील काय खातो? उत्तर वर्ध्याच्या बाजारात, त्याच्या शेजारच्याच ढिगात आहे

वर्धा जिल्ह्यातून समुद्र गाठायचा तर शेकडो किलोमीटर जावं लागतं. तरीही इथल्या आठवडी बाजारात सुक्या मासळीचं दुकान असतंच. त्यात दोन ढीग हमखास दिसतात, एक सुक्या बोंबलांचा आणि दुसरा सुकटीचा. सुकट म्हणजे वाळवलेला जवळा. गंमत म्हणजे समुद्रात यातला एक दुसऱ्याला खाऊन जगतो.

जवळा ही दोन-तीन सेंटीमीटरची कोळंबी, थव्यानं फिरणारी. बोंबलाच्या पोटात काय सापडतं याचा अभ्यास करणाऱ्यांना सर्वाधिक दिसतात ते जवळ्यासारखे बारीक कोळंबीचे प्रकार, मग लहान मासे. त्या लहान माशांत बोंबलाची पिल्लंही असतात, म्हणजे हा मासा स्वतःच्याच जातीलाही सोडत नाही. मऊ, पाणीदार अंगावरून तो गरीब वाटतो, पण तोंड उघडून बघा. जबडा मोठा आणि दात बारीक, टोकदार, आतल्या बाजूला वळलेले. एकदा आत गेलेलं भक्ष्य बाहेर येणं अवघड.

मग यात बातमी काय?

नोव्हेंबर 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारनं 54 प्रजातींसाठी किमान कायदेशीर आकारमान ठरवलं. आधार होता केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेच्या शिफारशींचा. बोंबलासाठी ही मर्यादा आहे 180 मिलिमीटर, म्हणजे 18 सेंटीमीटर. त्याहून लहान बोंबील पकडायचा नाही. वाढायची, अंडी घालायची संधी त्याला मिळावी, हा हेतू. हेतू योग्यच आहे.

अडचण येते ती बोंबलाच्या जेवणामुळे.

जिथे जवळा, तिथे बोंबील. आणि दोघंही सापडतात डोल जाळ्यात. हे पिशवीसारखं जाळं समुद्रात एका जागी रोवलेलं असतं. भरती-ओहोटीच्या प्रवाहाबरोबर जे येईल ते त्यात शिरतं. जाळं कुणाच्या मागे धावत नाही, त्यामुळे निवडीलाही वाव नाही. जवळा धरायचा तर शेवटच्या टोकाला जाळ्याचा आस अगदी बारीक हवा. तो बारीक असला की जवळ्यामागे आलेलं बोंबलाचं पिल्लूही अडकतं. आस मोठा करा, पिल्लं सुटतील, पण त्यांच्याआधी जवळा निसटेल.

जवळाच बंद करा, असं म्हणणं सोपं आहे. पण त्यावर डोलकर जगतात, तो वाळवणाऱ्या बायका जगतात. आणि विदर्भात ज्या घरी ताजी समुद्री मासळी परवडत नाही, तिथे मूठभर सुकट आणि कांद्यावर एक वेळचं जेवण निघतं.

ग्राहकानं लहान बोंबील घेऊ नये, हा सल्लाही वर्ध्यात फारसा चालत नाही. ताज्या बोंबलात बहुतांश पाणीच असतं. वाळून आक्रसलेल्या, कधी शेपूट मोडलेल्या माशाची मूळ लांबी दुकानात कोण मोजणार?

म्हणजे आकाराचा नियम बाजारात नाही, जाळं लावतानाच पाळता येतो. पिल्लं कोणत्या महिन्यात, कोणत्या खाडीच्या तोंडाशी जास्त असतात हे डोलकरांना अनुभवानं ठाऊक असतं. तेवढे दिवस तेवढ्या जागी डोल न लावणं हा त्यातल्या त्यात व्यवहार्य मार्ग दिसतो. पण त्या दिवसांची मजुरी कोण देणार, हे 54 प्रजातींच्या यादीत लिहिलेलं नाही.