उंटाची लस आणि लाभार्थींचा रकाना

सरकारी योजनेचा प्रस्ताव कोणत्याही खात्याचा असो, त्यात एक रकाना हमखास भरावा लागतो : लाभार्थींची संख्या. हा रकाना दिसायला निरुपद्रवी आहे. परंतु माझे स्पष्ट मत असे की, प्रशासनातील कित्येक चुकीच्या निर्णयांचा उगम याच रकान्यात असतो. उंटांच्या विषाणुजन्य रोगांवर लस तयार करण्याचा प्रश्न हे त्याचे ठळक उदाहरण आहे. मराठी वाचक विचारील, उंटाचा आणि आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो पुण्यावरून जातो.

प्रथम आकडे पाहू. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात १९ कोटी २५ लाखांच्या आसपास गाई-बैल होते आणि उंट होते अवघे २ लाख ५२ हजार. २०१२ मध्ये उंटांची संख्या ४ लाख होती. म्हणजे सात वर्षांत ३७ टक्के घट. १९७७ मध्ये ती ११ लाखांच्या आसपास होती. उरलेल्या उंटांपैकी २ लाख १३ हजार एकट्या राजस्थानात. जेथे कोट्यवधी जनावरांचा हिशेब होतो, तेथे अडीच लाखांची ओळ नजरेत भरत नाही. २०१९ मध्ये लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस यांच्या नियंत्रणासाठी १३,३४३ कोटी रुपयांचा राष्ट्रीय कार्यक्रम मंजूर झाला. तो योग्यच होता. एका कुबडाच्या उंटाला लाळ्या-खुरकूत सहसा होत नाही, तेव्हा त्या लसीकरणात उंट नसावा हेही समजण्यासारखे आहे. शेळ्या-मेंढ्यांचा पीपीआर आणि डुकरांचा स्वाइन फीवर यांनाही केंद्राच्या कार्यक्रमात स्थान आहे. उंटाला जो रोग खरोखरच छळतो, तो देवी रोग मात्र या यादीत नाही.

हा रोग किरकोळ नाही. ताप येतो, ओठ, नाकपुड्या आणि पापण्यांवर फोड उठतात, चरणे बंद होते. मोठे जनावर बहुधा वाचते, पण दूध आणि वजन गमावते. पिल्ले मात्र दगावतात. शिवाय या रोगाचा विषाणू हा माणसातील देवीच्या विषाणूच्या सर्वांत जवळच्या आप्तांपैकी एक आहे. २००९ साली वायव्य भारतातील साथीत उंट सांभाळणाऱ्या तिघांच्या हाता-बोटांवर फोड आले, आणि तो उंटाच्याच देवीचा संसर्ग असल्याचे हिसारच्या राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्रातील शास्त्रज्ञांनी सिद्ध केले. तिन्ही रुग्णांचा त्रास सौम्य होता. पण १९८० मध्ये माणसातील देवीचे जगातून उच्चाटन जाहीर झाले, लस टोचणे थांबले, आणि आज चाळिशीच्या आतील बहुतेक माणसांना त्या कुळातील विषाणूंविरुद्ध संरक्षण नाही. ज्या घरात उंटाचे दूध हाताने काढले जाते, त्या घराला हे सांगायला कोणी गेलेले नाही.

आता अर्थशास्त्राकडे वळू. खासगी कंपनी लस बनवते ती विक्रीसाठी. संशोधन, चाचण्या, परवाना आणि उत्पादनाची यंत्रणा यांवरील खर्च जनावरांच्या संख्येनुसार कमी होत नाही. गाईसाठी जेवढा येतो, साधारण तेवढाच उंटासाठीही येतो. ग्राहक मात्र अडीच लाख, तेही फिरस्ते, आणि त्यांच्या खिशात पैसा नाही. त्यामुळे कंपनी येणार नाही, आणि तिला दोष देण्यातही अर्थ नाही. बाजार जेथे अपयशी ठरतो तेथेच सरकारचे काम सुरू होते, हे आपण पहिल्याच वर्षी शिकतो. पण सरकारनेही कंपनीप्रमाणे ग्राहकच मोजायचे ठरवले, तर मग सरकार हवे कशाला?

शिवाय ही मोजणी तिच्या स्वतःच्या नियमांनुसारही चुकीची आहे. लशीच्या ज्ञानाचा लाभार्थी आधी ठरवता येत नाही. ताजी उदाहरणे दोन आहेत.

पहिले लम्पी चर्मरोगाचे. हा रोग भारतात प्रथम २०१९ मध्ये ओडिशात आढळला आणि २०२२ मध्ये दीड लाखाहून अधिक जनावरे घेऊन गेला. त्या वर्षी गाईसाठी स्वतंत्र लस हाती नव्हती. महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी गाईंना टोचली ती शेळ्यांच्या देवीची लस! दोन्ही विषाणू एकाच कुळातले, म्हणून ती उपयोगी पडली. शेळीला गरिबाची गाय म्हणतात. त्या गरिबाच्या गाईसाठी भारतीय पशुवैद्यक अनुसंधान संस्थेने जी लस घडवली, तिच्या प्रस्तावात लाभार्थी म्हणून गाईचे नाव कोणी लिहिले असेल काय?

दुसरे उदाहरण उंटाचेच आहे. २०१२ मध्ये सौदी अरेबियात मर्स हा श्वसनरोग ओळखला गेला. त्याचा विषाणू उंटाकडून माणसात येतो. आजवर २,६०० हून अधिक रुग्णांची नोंद झाली आणि ९०० हून अधिक माणसे मरण पावली. २०१५ मध्ये एका प्रवाशामुळे तो दक्षिण कोरियात पोचला आणि तेथे १८६ जणांना झाला. आखातात राहणाऱ्या मराठी वाचकांना हे नाव अपरिचित नसेल. त्यावर ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी एक लस तयार केली आणि ती उंटांवरही तपासली. २०२० मध्ये कोविड आला तेव्हा त्याच वाहक विषाणूत नवा जनुक बसवून त्यांनी कोविडची लस केली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तिचे उत्पादन केले, आणि कोविशील्ड या नावाने भारतात तिच्या दीडशे कोटींहून अधिक मात्रा टोचल्या गेल्या. तुमच्या-माझ्या दंडात गेलेल्या त्या लशीचा एक पूर्वज उंटाच्या कळपात तपासला गेला होता.

तेव्हा उंटाच्या विषाणूंचा अभ्यास हा उंटवाल्यांवरचा उपकार नव्हे. तो देशाचा विमा आहे, आणि विम्याचा हप्ता घर जळण्यापूर्वी भरायचा असतो.

यावर उत्तर मिळते की, संशोधन तर चालूच आहे. खरे आहे. बिकानेरला राष्ट्रीय उष्ट्र अनुसंधान केंद्र १९८४ पासून आहे, हिसारचे केंद्रही आहे. पण प्रयोगशाळेतील कुपी आणि जनावराच्या मानेतील सुई यांच्यामध्ये जे अंतर आहे, ते प्रशासनाचे आहे. ते किती लांब आहे हे लम्पीवरून कळते. त्याच हिसारच्या केंद्राने २०१९ च्या विषाणूपासून गाईसाठी स्वदेशी लस तयार केली. १० ऑगस्ट २०२२ रोजी केंद्रीय मंत्र्यांच्या हस्ते ती सादर झाली. त्याच डिसेंबरमध्ये पुण्यातील औंधच्या पशुजैव पदार्थ निर्मिती संस्थेला तिच्या उत्पादनाचे हक्क देण्याचा करार नागपुरात झाला. आणि या तंत्रज्ञानावरच्या लशीला औषध नियंत्रकांचा व्यापारी परवाना मिळाला, बायोवेट या खासगी कंपनीला, फेब्रुवारी २०२५ मध्ये. सादरीकरणापासून अडीच वर्षे! साथ चालू असताना, देशात जिला माता म्हणतात त्या गाईसाठी अडीच वर्षे लागतात, तर उंटासाठी किती लागतील? सुरक्षिततेच्या चाचण्यांना वेळ लागतो, लागलाच पाहिजे. परंतु चाचणीचा वेळ आणि टेबलावरचा वेळ यांत फरक करायला आपण कधी शिकणार?

आणखी तीन आक्षेप नेहमी ऐकू येतात.

पहिला : उंट संपतच चालला आहे, मग खर्च कशाला? उंट कमी झाला तो ट्रॅक्टर आल्यामुळे, चराऊ राने गेल्यामुळे, आणि राजस्थानच्या २०१५ च्या कायद्याने त्याच्या खरेदी-विक्रीची वाट अडवल्यामुळेही. लशीने हे सारे सुटेल असा माझा दावा नाही. पण कळप लहान झाला की त्यातील प्रत्येक पिल्लाची किंमत वाढते, घटत नाही.

दुसरा : हा राजस्थानचा प्रश्न आहे. जानेवारी २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यात कच्छच्या रबारी पशुपालकांचे ५८ उंट पोलिसांनी ताब्यात घेतले, तेव्हा अनेकांना प्रथमच कळले की हे लोक वर्षानुवर्षे उंट घेऊन विदर्भात येतात. उंट चालतो, त्याच्याबरोबर विषाणूही चालतो. राज्याची सीमा दोघांनाही ठाऊक नाही.

तिसरा : दुबईत आणि मोरोक्कोत लस बनते, ती आणावी. जरूर आणावी, काहीच नसण्यापेक्षा ते बरे. पण आयात लशीलाही परवाना लागतो, विकत घेणारा लागतो, आणि आपल्या उंटांवर तिची परीक्षा घेणारी प्रयोगशाळा लागते. म्हणजे फिरून प्रश्न आपल्याच दारात येतो.

मग करावे काय? माझ्या अल्पमतीनुसार चार गोष्टी.

१) आगाऊ खरेदीची हमी. केंद्राने जाहीर करावे की, निकषांवर उतरलेल्या उंटाच्या लशीच्या अमुक मात्रा पाच वर्षे आम्ही घेऊ. २००९ मध्ये न्यूमोनियाच्या लशीसाठी जगाने दीड अब्ज डॉलरची अशीच हमी दिली होती, आणि तिच्याखाली पुरवठा करणाऱ्यांत पुण्याची सीरमही आली. उंटासाठी लागणारी रक्कम त्या मानाने नगण्य आहे.

२) उत्पादन सार्वजनिक संस्थांकडे. देशातील पशुरोगांची पहिली जिवाणुशास्त्रीय प्रयोगशाळा १८८९ मध्ये पुण्यातच निघाली आणि १८९३ मध्ये मुक्तेश्वरला गेली. औंधच्या संस्थेसारख्या राज्यांच्या संस्थांना अल्पसंख्य जनावरांच्या लशींची छोटी उत्पादने वाटून द्यावीत.

३) परवान्याला मुदत. मी नोएडात राहतो. येथील सेक्टर ६२ मध्ये माणसांच्या लशी तपासणारी राष्ट्रीय जैविक संस्था आहे, आणि जनावरांच्या लशी तपासणारी संस्था याच राजधानी क्षेत्रात, बागपतला. संस्थांची वाण नाही. प्रत्येक टप्प्याला किती दिवस लागले हे जनतेसमोर मांडण्याची सक्ती मात्र नाही. ती करावी.

४) पशुपालकांकडून रोगाची खबर. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत फिरस्त्या पशुपालकांची प्रथमच वेगळी नोंद घेण्याचे ठरले. ती यादी केवळ मोजणीत न ठेवता लसीकरणाच्या मार्गाचा नकाशा म्हणून वापरावी.

बुळकांडीचे उदाहरण आपल्याच देशातले आहे. १९५४ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, १९९५ नंतर रोगी जनावर आढळले नाही, आणि २०११ मध्ये तो रोग जगातूनच गेला. चार दशके सरकारे बदलली, पण लसीकरण थांबले नाही. ही क्षमता आपल्यात आहे. ती कोणासाठी वापरायची, एवढाच प्रश्न आहे.

सीमा सुरक्षा दलाचे उंट १९७६ पासून प्रजासत्ताकदिनी राजपथावरून, म्हणजे आताच्या कर्तव्यपथावरून, चालतात आणि आपण टाळ्या वाजवतो. २०१४ मध्ये राजस्थानने उंटाला राज्यपशू केले. संयुक्त राष्ट्रांनी २०२४ हे उंटवर्गीय प्राण्यांचे वर्ष म्हणून साजरे केले, तेही सरले. सन्मान पुष्कळ झाले. आता लाभार्थींच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना छापावा : 'हे न केल्यास होणारे नुकसान'. तो प्रामाणिकपणे भरला, तर उंटाच्या लशीची फाइल अडवून धरण्याचे कारण कोणालाही लिहिता येणार नाही.